उडत्या पोस्टमनचं जोडपान

१

प्रेसचा स्क्रू सैल करून डिंकीने वरची फळी उचलली, टीपकागद बाजूला केला आणि ती थबकली. अंकाचा मधला कागद जागेवर नव्हता.

तिने खालचे टीपकागद एकेक करून उचलले. ‘उडता पोस्टमन’च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ होतं, त्याच्या खालचे सगळे कागद शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी पडून होते. फक्त सगळ्यात वर ठेवलेला तेवढा एक गायब. तिने टेबलाखाली बघितलं, ट्रेखाली बघितलं, मग नको तिथेही बघितलं: कचऱ्याच्या डब्यात, स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात. एवढा मोठा कागद ॲप्रनच्या खिशात मावत नाही हे तिला माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाचे हात कुठेही जातात.

जुनी, फाटकी, दुर्मीळ कॉमिक्स दुरुस्त करणं हा डिंकीचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत तिचं सगळं चाले. अंक उसवायचा, गंजलेल्या पिना काढायच्या, कागद एकेक करून पाण्यात धुवायचा, फाटलं असेल तिथे गव्हाच्या खळीने पातळ ठिगळ लावायचं आणि टीपकागदांच्या थरांत घालून प्रेसमध्ये दाबायचं. डिंक ती जन्मात वापरत नव्हती. पण खळ आणि डिंक यातला फरक सासरच्यांना समजेपर्यंत नाव पडून गेलं होतं आणि आता ते सुटायची आशा तिने सोडली होती.

हरवलेला कागद म्हणजे त्या अंकाचं काळीज होतं. मधोमध उघडलं की दोन पानं मिळून एकच चित्र: खाली गावाची छपरं, वर झेपावलेला पोस्टमन, त्याची पिशवी उघडी पडलेली आणि पत्रं वाऱ्यावर उधळलेली, आणि एका गच्चीवर हात उंच करून उभी असलेली एक मुलगी. जाणकार त्याला नुसतं ‘जोडपान’ म्हणत. जगात या अंकाच्या दोनच प्रती माहीत होत्या आणि जोडपान एकीतच होतं. लहानपणी दाढ काढायला नेलेल्या डिंकीने दवाखान्याच्या भिंतीवर त्याची छापील नक्कल बघितली आणि ती रडायची विसरली. या धंद्यात ती आली ती त्या गच्चीवरच्या मुलीमुळे.

बाकीचे कागद तिने धुतले होते. मधला तेवढा कोरडाच ठेवला होता, कारण मास्तरांनी फोनवर बजावलं होतं, “मधल्याला पाणी लावू नकोस पोरी, त्याचा रंग कच्चा आहे.” मास्तर तिचे गुरू, त्यांचा शब्द ती मोडत नसे. पण कागदावर जुन्या चिकटपट्टीचा तपकिरी डाग होता आणि तो काही केल्या तिला बघवेना. म्हणून काल सकाळी तिने त्यांना कळवलंही होतं, की उद्या एका कोपऱ्यावर थेंब टाकून बघते, रंग टिकला तर धुते.

तो उद्याचा दिवस आज उजाडला होता आणि धुवायला कागदच नव्हता. संध्याकाळी अंकाचे मालक काम बघायला येणार होते.

“काय हरवलं?” दारातून आवाज आला.

वन्सं उभ्या होत्या. नवऱ्याची थोरली बहीण, डोळे तपासायला म्हणून राहायला आलेली. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. जळलेली गोदामं आणि बुडालेल्या गाड्या त्यांच्यासमोर यायच्या आणि त्या शांतपणे चहात बिस्कीट बुडवत विचारायच्या, मग तुम्ही त्या वेळी कुठे होता?

डिंकीने सांगितलं.

“काल दुपारी मी आणि तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतो,” त्या म्हणाल्या. “घरात कोण होतं?”

“हे होते.”

“हं.” वन्संनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला. “म्हणजे सुरुवात माझ्याच भावापासून करायची.”

२

डोळ्यांत घातलेल्या थेंबांचा अंमल अजून पुरता उतरला नव्हता. वन्संना जवळचं धुरकट दिसत होतं, म्हणून त्यांनी खोली हातांनीच बघितली. खिडकीची कडी, दाराचं कुलूप, प्रेसचा दांडा. शेवटी टीपकागदांवरून बोटं फिरवून त्या थांबल्या.

“हे कोरडे कसे?”

“कोरडेच हवेत. धुतलेल्या कागदातलं पाणी टीपकागद ओढून घेतो. मग तो ओला बदलून कोरडा घालायचा.”

“काल सकाळी घातलेले ते हेच?”

डिंकी उत्तर द्यायला गेली आणि तिची जीभ जागीच थांबली. खिडकीपाशी बांधलेल्या दोरीवर काल सकाळचे टीपकागद चिमट्यांनी ओळीने टांगलेले होते. सकाळपासून तिच्या नजरेसमोर होते, पण तिथे ते असायचेच, म्हणून तिला दिसलेच नव्हते. तिने ते टांगले नव्हते. काल डोळ्यांच्या डॉक्टरकडून येऊन ती स्वयंपाकाला लागली ती या खोलीत पाऊलही न ठेवता.

“वा!” वन्सं म्हणाल्या. “चोर आला, एक कागद उचलला आणि जाताना तुझी राहिलेली कामं करून गेला. असला चोर मला माझ्या नोकरीत भेटला असता तर मी त्याला घरी ठेवून घेतलं असतं.”

डिंकीला हसू आलं नाही. टीपकागद बदलणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. ओला कागद उचलताना जरा हिसका बसला तर तो मधोमध फाटतो. ते जमणारी माणसं तिच्या ओळखीत फार नव्हती, आणि त्यातल्या एकाला तिनेच शिकवलं होतं. गावाला जाताना काम अडू नये म्हणून नवऱ्याला.

नवरा बाहेर पेपर वाचत बसला होता. पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ बहिणीच्या लेखी अजून बाळ्याच होता.

“बाळ्या, काल दुपारी कोण कोण आलं होतं?”

“कोणी नाही. म्हणजे, सराफ येऊन गेले, दारातूनच. आणि मास्तर. त्यांनी हिच्यासाठी ब्रश आणला होता, तो उभ्याउभ्या देऊन गेले.” त्याने पेपरचं पान उलटलं. त्यावर वाचण्यासारखं काही नसावं, कारण त्याने ते पुन्हा पहिल्यासारखं केलं.

“आणि तू?”

“मी कुठे जाणार? घरातच होतो. एक मिनिट हललो नाही.”

डिंकी त्याच्याकडे बघत राहिली. काल संध्याकाळी दार उघडलं तेव्हा त्याचे केस ओले होते आणि डोळे लाल. तिने विचारलं तर म्हणाला, अंघोळ केली. सकाळच्या अंघोळीसाठी ज्याच्या मागे लागावं लागतं तो माणूस संध्याकाळी आपण होऊन अंघोळ करतो, हे तिला काल नवल वाटलं होतं. आज त्याची भीती वाटली.

आणि कॉमिक्स जमवणाऱ्या त्या सराफांकडे हल्ली याचं सारखं जाणं-येणं होतं. अंकाची दुसरी प्रत, ती मधला कागद नसलेली, सराफांकडेच होती.

“हा खोटं बोलतोय,” आत आल्यावर वन्सं हळूच म्हणाल्या. “लहानपणापासून बघतेय. खोटं बोलताना याचे कान लाल होतात.”

डिंकीने मान वळवून पाहिलं. पेपरच्या दोन्ही बाजूंना दोन लालभडक कान दिसत होते.

३

अंकाचे मालक दातांचे डॉक्टर होते. वन्सं त्यांच्या खुर्चीत आडव्या झाल्या तेव्हा त्यांची दाढ खरोखरच दुखत होती की नाही हे त्यांनी डिंकीलाही सांगितलं नाही.

“मालकाने स्वतःच पळवलेल्या वस्तू मी ढिगाने पाहिल्यात,” रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या होत्या. “तू फक्त गप्प बस आणि रडू नकोस.”

खुर्चीसमोरच्या भिंतीवर तीच ती छापील नक्कल होती. रंग विटले होते, पण मुलीचा हात तसाच उंच होता. डिंकीच्याने तिकडे बघवेना.

“तुमची भावजय सोन्यासारखं काम करते,” डॉक्टर दिवा जवळ ओढत म्हणाले. “मी अंक कोणाच्या हातात देत नाही. तरुणपणी एका दलालाकडून घेतला, त्या दिवसापासून तो माझ्या कपाटात आहे. बायकोसुद्धा म्हणते, मला एवढं जपलं असतं तर. आ करा.”

वन्संनी आ केला आणि लगेच मिटला. “कोणाच्याच नाही? हिच्या मास्तरांच्याही नाही?”

“मास्तरांच्याही नाही! किती वेळा म्हटलं, हातात घेऊन बघा तरी. म्हणतात, नको, माझे हात आता थरथरतात. त्यांनी आजवर त्याला हात लावलेला नाही. यांच्या हाती दिला तो पहिल्यांदाच.” त्यांनी डिंकीकडे प्रेमाने पाहिलं. “ते जोडपान स्वच्छ झालेलं बघितलं की मी सुखाने डोळे मिटीन. कसं चाललंय त्याचं?”

“चाललंय,” डिंकी म्हणाली.

“संध्याकाळी येतोच. आ करा बघू.”

बाहेर बसलेल्या मदतनीस बाईंकडून वन्संनी गप्पांच्या ओघात उरलेलं काढून घेतलं. काल सकाळपासून दिवे लागेपर्यंत दवाखाना तुडुंब भरला होता. डॉक्टर चहालासुद्धा उठले नव्हते.

“हे नव्हेत,” पायऱ्या उतरताना वन्सं म्हणाल्या. “आणि ज्या माणसाने दाढेला हात लावून दुखणं नाही हे ओळखलं आणि तरी पैसे घेतले नाहीत, त्याला फसवायला माझी जीभ रेटत नाही. डिंके, संध्याकाळपर्यंत कागद मिळाला नाही तर तू त्यांना खरं सांगायचं.”

“मग माझ्याकडे पुन्हा कोण कागद आणून देईल?” डिंकीचा आवाज चिरकला. “आणि तो यांनीच नेला असेल तर? ते कसं सांगू?”

वन्संनी तिचा दंड धरला आणि दोघी सराफांच्या दुकानाकडे वळल्या.

४

सराफांनी दोघींना आतल्या खोलीत बसवलं. दागिन्यांच्या तिजोरीशेजारी कॉमिक्सची वेगळी तिजोरी होती, आणि दोन्हींपैकी कुठली उघडताना त्यांचा चेहरा जास्त फुलतो हे कोणीही सांगितलं असतं.

“वहिनी, तुमच्याच हातचं काम बघा कसं टिकलंय!” त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून आपली प्रत काढली. एका कानात कापसाचा बोळा होता, त्यामुळे ते जरा मोठ्याने बोलत होते. “नाही तर आमच्या पोस्टमनचं काही खरं नव्हतं.”

“याच्यात मधला कागद नाही ना?” वन्संनी विचारलं.

“नाही हो. तेच तर दुखणं. डॉक्टरांना किती विनवलं, एकदा नुसतं हातात धरू द्या. ऐकत नाहीत.” सराफ उसासले. “पण एक सांगतो, गोष्टीत काही अडत नाही. मी हजारदा वाचली असेल. पोस्टमन छतावरून उडी मारतो, पुढच्या पानावर धरण फुटायच्या आत पोचतो. पानांचे आकडेही सलग आहेत, बघा. जोडपानावर आकडाच नाही, पाठही कोरी. ते वेगळं काढून भिंतीला लावायचं चित्र असणार, असं सगळे जाणकार म्हणतात.”

डिंकीने सवयीने पान उलटलं. खरंच, आकडे सलग होते. ही गोष्ट तिला ठाऊक होती, प्रत दुरुस्त करताना तिनेच पानं जुळवली होती.

“काल दुपारी दुकान बंद होतं म्हणे?” वन्संनी सहज विचारलं. दुकान बंद असल्याचं त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं.

सराफांचा हात कानाकडे गेला. “अं? हो. जरा काम होतं.”

“कुठे?”

“खाजगी होतं,” सराफ म्हणाले आणि अंक घाईघाईने पाकिटात सरकवू लागले. एवढ्या जपणाऱ्या माणसाच्या हातून पाकिटाची कड दुमडली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

डिंकीला आता खात्रीच वाटली. ज्याच्या प्रतीत मधला कागद नाही तो हा, आणि ज्याला टीपकागद बदलता येतात तो आपल्या घरी बसलाय. दोघंही काल दुपारचं लपवतायत. दोघी दुकानाबाहेर आल्या. संसारात तिने नवऱ्याचे अनेक दोष मोजले होते, विसराळूपणा, आळस, घोरणं. हा त्यांत कधी नव्हता.

“वन्सं, झालं ना सगळं स्पष्ट?”

वन्सं रस्त्यातच थांबल्या होत्या. काळ्या चष्म्याआड त्या हसत आहेत की काय असं वाटत होतं.

“एकाच्या कानात कापूस,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याचे डोळे लाल आणि केस ओले. चल घरी. बाळ्याचा टॉवेल कुठे वाळत घातलाय तो आधी बघू.”

५

टॉवेल सापडला. माळ्यावरच्या बॅगेत, पिळा करून कोंबलेला, ओलाच, आणि त्याला तलावात टाकतात त्या औषधाचा उग्र वास येत होता. त्यात गुंडाळलेली पोहायची निळी चड्डी वन्संनी दोन बोटांत धरून भावासमोर नाचवली.

नवऱ्याचे कान पेटले. “शिकतोय,” तो पुटपुटला. “सराफांबरोबर.”

“काय शिकतोयस?”

“पोहायला! लहानपणी विहिरीत गटांगळ्या खाल्ल्या तेव्हापासून तूच मला आयुष्यभर दगड म्हणून चिडवलंस ना? मला तुम्हाला एकदम पोहून दाखवायचं होतं. काल सराफ बोलवायला आले.” तो डिंकीकडे वळला. “अगं, मी तुझ्या खोलीला हात लावला नाही. शपथ.”

डिंकी मटकन खाली बसली. तिला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं, पण ते पुरतं यायच्या आत वन्संनी पुढचा प्रश्न टाकला होता.

“म्हणजे घर उघडं टाकून गेलास?”

“उघडं कसं? मास्तर होते ना! ब्रश घेऊन आले, म्हणाले, जा तू खुशाल, मी बसतो. मी त्यांना म्हटलं, मी गेलो होतो हे हिला सांगू नका. तर ते म्हणाले, मग मी बसलो होतो हेही तू सांगू नकोस.”

डिंकीने मान हलवली. “नाही. मास्तर नाहीत. मास्तर कशाला नेतील?”

“ते मलाही अडलं होतं.” वन्सं तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांच्या आवाजातली चेष्टा गेली होती. “विकायला न्यायचं तर चोराने मुखपृष्ठही नेलं असतं, आख्खा अंक नेला असता. याने नेमका तोच कागद नेला ज्याला आज पाणी लागणार होतं. तुझ्या त्या थेंबाबद्दल तू कोणाला सांगितलं होतंस?”

“मास्तरांना.”

“आणखी?”

“आणखी कोणाला नाही.”

“मास्तर म्हणाले मधल्याचा रंग कच्चा आहे. डॉक्टर म्हणतात मास्तरांनी अंकाला कधी हात लावलेला नाही. मग कच्चा आहे हे त्यांना कसं कळलं? आणि ज्या कागदावर आकडा नाही, ज्याची पाठ कोरी, जो नसला तरी गोष्ट अडत नाही, तो कागद बाकीच्यांबरोबर छापला गेला असं तुला अजून वाटतं?”

डिंकीने डोळे मिटले. तिला भिंगाखालचा तो कागद आठवला. जुन्या छपाईत रंग म्हणजे नुसते ठिपके असतात, एका मापाचे, ओळीने. मधल्या कागदावरचे ठिपके जरा हललेले होते, कुठे दाट, कुठे विरळ, गच्चीवरच्या मुलीच्या गालावर तर अगदी हलके. त्या काळची छपाई तशीच, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं.

“ते छापलेले नाहीत,” ती म्हणाली. आपला आवाज तिला परक्यासारखा वाटला. “एकेक ठिपका हाताने घातलाय. जलरंगात. पाण्यात टाकला असता तर सगळं चित्र माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेलं असतं.”

६

मास्तरांनी दार उघडलं आणि दोघींना बघून काही विचारलं नाही. आत गेले आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलेला कागद घेऊन आले. त्याला साधी सुरकुतीही पडली नव्हती.

“फाडून टाकणार होतो,” ते म्हणाले. “काल रात्रभर म्हणतोय, फाडू. हात होईना.”

डिंकी येताना सगळं ठरवून आली होती, काय काय विचारायचं ते. आता तिच्या तोंडून भलतंच निघालं. “आणि माझे टीपकागद का बदललेत?”

“ओले होते गं. तू आलीस तेव्हा दमलेली असणार. रात्रभर तसेच राहिले असते तर बुरशी धरली असती.” मास्तरांना यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं.

वन्सं खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिल्या. त्यांना अजून धुरकट दिसत होतं, पण तिथे उभं राहणंच बरं होतं.

मास्तरांनी सांगितलं ते थोडक्यात असं. तरुणपणी त्यांना कोणी विचारत नव्हतं. एका दलालाने हा अंक आणला, मधला कागद नसलेला, आणि म्हणाला, याचं पोट भरून दे. त्यांनी जुना कोरा कागद शोधला आणि महिनोन्महिने ठिपके घातले. दलालाने अंक पूर्ण म्हणून डॉक्टरांना विकला आणि पुढे तो मरूनही गेला. मग डॉक्टरांनी कौतुकाने चित्राच्या नकला छापून वाटल्या, जोडपान जोडपान म्हणून गावभर झालं, आणि मास्तरांना आपलंच चित्र परक्यांच्या भिंतींवर बघत जगावं लागलं.

“तुम्हीच मला शिकवलंत,” डिंकी म्हणाली. आता तिला राग आला होता. “दुरुस्ती करायची, पण सांगून करायची. लपवलेली दुरुस्ती म्हणजे चोरी. पहिल्याच दिवशी शिकवलंत.”

“शिकवलं, कारण केली होती.” मास्तर खुर्चीत बसले. “लोकांचं काही नाही गं. पण तू मला पहिल्या दिवशी सांगितलंस, त्या चित्रातल्या मुलीसाठी मी हे शिकायला आले. त्या दिवसापासून तोंड उघडलं नाही. तू पाण्याचा थेंब टाकणार म्हणालीस आणि मला वाटलं, रंगाबरोबर मीही तुझ्या नजरेतून उतरणार.”

“मला वाटलं कागद माझ्या नवऱ्याने चोरला,” डिंकी म्हणाली. “सकाळपासून मी त्याच्याकडे चोर म्हणून बघतेय. तुमच्यामुळे.”

मास्तरांनी मान खाली घातली.

डिंकीने पुठ्ठे उघडले. मुलगी होती तिथेच होती, हात उंच करून. खोटी आहे हे कळल्यावर ती वेगळी दिसेल अशी डिंकीला भीती वाटत होती. ती जराही वेगळी दिसली नाही, आणि याचाच तिला आणखी राग आला.

“चपला घाला,” ती मास्तरांना म्हणाली. “डॉक्टर यायची वेळ झाली. सांगायचं तुम्ही.”

७

मास्तरांनी सांगितलं. उभं राहून, काही न लपवता. डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

“म्हणजे आयुष्यभर मी खोटा कागद कपाटात ठेवला?” ते ओरडले. “लोकांना बोलावून बोलावून दाखवला! नकला वाटल्या! आणि तुम्ही, मास्तर, दर वेळी मान डोलवत उभे होता!”

“होतो,” मास्तर म्हणाले.

“आणि बाई, तुम्ही यांना हे कशाला सांगायला लावलंत? गुपचूप पिना मारून दिला असता तर मला कळणार होतं का?”

“नसतं कळलं,” डिंकी म्हणाली. आज तिचं नाव राहील की जाईल हे या माणसाच्या पुढच्या वाक्यावर होतं. “पण मग मीही तशीच मान डोलवत उभी राहिले असते.”

डॉक्टर येरझाऱ्या घालू लागले. नवरा दारात उभा होता, कान अजून लालच. वन्संनी बिस्कीट चहात बुडवलं आणि तिथेच विसरल्या.

“मग खऱ्या मधल्या कागदावर होतं तरी काय?” डॉक्टरांनी एकदम थांबून विचारलं. “की ते कोणालाच माहीत नाही?”

“मला माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “अंक निघाला तेव्हा मी शाळेत होतो. मधल्या कागदावर जाहिरात होती. दंतमंजनाची.”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं.

“आख्खा कागदभर. खाली कुपन. ते फाडून पाठवलं की रंगपेटी बक्षीस. म्हणून तर एकाही अंकात तो कागद सापडत नाही, सगळ्या पोरांनी फाडून पाठवला. मीही पाठवला होता.”

“मिळाली रंगपेटी?”

“नाही. रोज पोस्टमनची वाट बघायचो. गच्चीत उभा राहून.”

डॉक्टर टेबलाकडे आले आणि जोडपानावर वाकले. खालची छपरं, उधळलेली पत्रं, आणि गच्चीवर हात उंच केलेली ती मुलगी. मग त्यांनी खिसे चाचपून पेन्सिल काढली आणि मास्तरांच्या पुढे धरली.

“कोपऱ्यात सही करा. आणि बाई, तुम्ही हा पुन्हा अंकात शिवा. पण खाली लिहा, कोणी काढलाय ते.”

मास्तरांनी पेन्सिल घेतली. सही वाकडी आली. डॉक्टर आणखी खाली वाकले, चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा वाकले.

डिंकीने त्यांच्या छातीला हात लावून त्यांना हळूच मागे सारलं.

“डॉक्टर, जरा लांबून बघा,” ती म्हणाली. “त्याला पाणी लावायचं नाही.”